बाकी

याकिमाच्या जिल्हा कोर्टात सत्तावीस वर्षं
मी लोकांचं बोलणं टिपत आले.
माझ्या यंत्राला बावीस बटणं. सगळी भाषा त्यांत बसते,
इंग्रजी असली तर.
नसली, तर कंसात एकच ओळ टाकायची:
साक्षीदार स्पॅनिशमध्ये बोलते.
रडली तरी तेवढीच ओळ.
सांगता सांगता गप्प झाली तरी तेवढीच.

ओतिलिया बारागान पहिल्यांदा आली तेव्हा
बुटांना बागेतला चिखल,
फायली सफरचंदांच्या खोक्यात.
शिपायानं दुभाष्यांच्या बाकाकडे बोट दाखवलं.
"मी फिर्यादीची वकील," ती म्हणाली.
"बरं," तो म्हणाला,
आणि बोट तसंच राहिलं जरा वेळ.

त्या दिवशी साक्षीला रेमेदियोस कीन्ताना.
नवरा हॉप्सच्या मळ्यात फवारणीखाली सापडलेला.
मालकाच्या वकिलानं विचारलं,
धोक्याची पाटी तुमच्या नवऱ्यानं वाचली होती का?
ती चार मिनिटं बोलली.
मी घड्याळ पाहिलं, हात मोकळेच होते.
तिनं वेलांची उंची दाखवली, मग नवऱ्याची,
एकदा हवेतच काहीतरी टांगलं,
एकदा तळवा नाकाशी नेला.
दुभाष्यानं टाय सारखा केला.
"ती म्हणते, नाही."

मी टाइप केलं: नाही.

ओतिलिया उठली. आवाज चढवला नाही.
"साहेब, बाकीचं?"
"उत्तर आलं की, मिस बारागान."
"उत्तर आलं. बाकी राहिली."

शाळेत आम्हाला शिकवलं होतं,
मोठ्यातून लहान वजा करायचं,
खाली उरेल ती बाकी.
या खोऱ्यात बाकी पुसून टाकत
आणि मग गणित बरोबर धरत.
हे मला त्या दिवशी नाही कळलं. त्या दिवशी
जेवणाची सुट्टी लांबली म्हणून मी चिडले होते.

पुढे ती येतच राहिली.
शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून कोंडलेलं पोर,
फक्त इंग्रजीत छापलेल्या मतपत्रिका,
प्रभागांचा नकाशा. नवव्या गल्लीशी आल्यावर
रेघ एकाएकी डावीकडे का वळते, हे तिनं
नकाशा काढणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेतलं.
त्याला घाम फुटला होता. घाम टिपता येत नाही.
पुष्कळ खटले हरली. कीन्तानाचा तर हरलीच.
पाटी इंग्रजीत होती. पण होती.

एका जानेवारीत माझ्या गाडीची बॅटरी बसली.
तिनं आपल्या गाडीतून केबल काढली,
आणि इंजिन तापेपर्यंत, काचेवरचं बर्फ खरवडत,
मी काही विचारलं नसताना म्हणाली:
"नऊ वर्षांची होते. डॉक्टर आईकडे न बघता
माझ्याशीच बोलले, खूप वेळ.
आईनं विचारलं, काय म्हणतात?
मी म्हटलं, आराम करा म्हणतात."
बर्फ पडत होतं, ती खरवडत होती.
"आराम कसला. चेरीचा हंगाम होता.
पुढच्या हंगामाला ती नव्हती."

गेल्या शुक्रवारी तिनं शेवटची फाईल बंद केली.
केक होता, साखर जास्त झालेली.
मी खाली अभिलेख-खोलीत गेले
आणि कीन्तानाचं बाड काढलं.
दुपारनंतर तिनं स्वतःच्या पैशानं
दुसरा दुभाषा उभा केला होता,
आणि ती चार मिनिटं माझ्या हातून गेली होती:

*पाटी म्हणाल तर तिच्यावर त्याचं जॅकेट असायचं.
ऊन चढलं की सगळेच तिथं टांगायचे,
मळ्यात तेवढी एकच खुंटी.
पाटी मी पहिल्यांदा पाहिली
त्याचं जॅकेट आणायला गेले तेव्हा.
अजून धुतलेलं नाही.*

त्याखाली न्यायाधीश: अप्रस्तुत. कामकाजातून वगळावं.

पण वगळायचं ते आधी
टाइप करावं लागतं.
पान दोनशे बारा, ओळ नऊपासून.